‘मुलं पळवण्यात 200 टक्के वाढ’: सोसायटीच्या ग्रुपवरचा आकडा तपासायचा कसा?

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी खारघरमधल्या एका सोसायटीची सेक्रेटरी आहे. गेल्या आठवड्यात आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लाल अक्षरांतलं एक चित्र आलं : ‘ठाणे-नवी मुंबईत मुलं पळवण्याच्या गुन्ह्यांत 200 टक्के वाढ, एनसीआरबीचा यंदाचा अहवाल. टोळी फिरतेय. पुढे पाठवा.’ सोबत एका लहान मुलाला बाइकवरून उचलून नेतानाचा व्हिडिओ. तेव्हापासून पोरांना खाली खेळायला सोडणं बंद झालंय. परवा भंगार गोळा करणाऱ्या दोन बायकांना गेटवर अडवून त्यांच्या पिशव्या उपसल्या, फोटो काढले आणि तेही ग्रुपवर टाकले. मेसेज टाकणारे काका बँकेतून निवृत्त झालेले, सगळ्यांना मान्य. ‘आकडा सरकारी आहे, खोटा कसा असेल?’ असं त्यांचं म्हणणं. मला आकड्यांतलं फारसं कळत नाही, पण हे कुठेतरी चुकतंय असं वाटतं. तपासायचं कसं? आणि काकांना न दुखावता सांगायचं कसं?

उत्तर

ताई, आकड्याचं नंतर बघू, आधी गेटचं बघा. त्या दोघींचे फोटो आजच ग्रुपवरून काढा. ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. वॉचमनला स्पष्ट सांगा की संशय आला तर 112 लावायचा, पिशव्या उपसायच्या नाहीत आणि कुणाला डांबून ठेवायचं नाही. हे पहिल्यांदा सांगण्याला कारण आहे. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं मारून टाकलं, ते मुलं पळवणारे आहेत अशा समजातून. 16 एप्रिल 2020 ला पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर गेले. तिथेही आधी अशाच अफवा फिरत होत्या. दोन्ही ठिकाणी माणसं भिक्षेसाठी किंवा प्रवासात बाहेर पडलेली, परगावची होती. तुमच्या गेटवरच्या बायकाही अशाच, ज्यांची बाजू घ्यायला तिथे कुणी नसतं.

आता व्हिडिओ. बाइकवरून मूल उचलण्याचा एक व्हिडिओ 2018 पासून देशभर फिरतोय. तो मुळात कराचीतल्या एका संस्थेनं मुलांच्या सुरक्षेसाठी केलेल्या जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा आहे. मूळ फिल्ममध्ये बाइकवाले शेवटी मूल परत आणून सोडतात आणि हातातला फलक दाखवतात. नेमका तोच शेवट कापलेला असतो. तुमच्याकडचा व्हिडिओ तोच आहे का, हे दोन मिनिटांत कळेल. व्हिडिओ थांबवून एक स्पष्ट दृश्य निवडा, स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल लेन्सला (चित्रावरून शोध घेणारं गूगलचं साधन) द्या. रस्त्यावरच्या पाट्या, गाडीची नंबरप्लेट किंवा दुकानाचं नाव दिसेल असं दृश्य घ्या, नुसते चेहरे असलेलं नको. फॅक्ट क्रेसेंडो मराठी आणि न्यूजचेकर मराठी या व्हायरल मेसेज तपासणाऱ्या वेबसाइटवरही ‘मुलं पळवणारी टोळी’ एवढे शब्द टाकून शोधा. असे बरेच व्हिडिओ त्यांनी आधीच तपासून ठेवलेत.

आणि मेसेजच्या वर दोन बाणांची खूण आहे का तेही बघा. ती असेल तर तुमच्यापर्यंत येण्याआधी तो मेसेज किमान पाच वेळा पुढे गेलेला आहे. म्हणजे काकांना तो ज्यानं पाठवला, त्यालाही तो कुठून आला हे ठाऊक नसणार.

आता मुख्य गोष्ट, आकडा. काकांचा मुद्दा आम्ही उडवून लावत नाही. अशा मेसेजमधला आकडा पुष्कळदा कुठल्यातरी सरकारी कागदावर खरंच असतो. घोटाळा असा होतो की तो एका गोष्टीचा आकडा असतो आणि दुसऱ्याच गोष्टीच्या नावानं फिरतो. म्हणून ‘खरं की खोटं’ असं विचारू नका. ‘हा आकडा कशाचा, कुठल्या हद्दीचा, कोणत्या काळाचा आणि किती लोकांमागे?’ असं विचारा. ज्या मेसेजमधून या चारही गोष्टी कळत नाहीत तो पुढे पाठवायचा नाही, मग तो कुणीही टाकलेला असो.

काळापासून सुरुवात करू, ते सगळ्यात सोपं. एनसीआरबी म्हणजे केंद्रीय गृह मंत्रालयाचा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग. त्यांचा ‘क्राइम इन इंडिया’ हा अहवाल जानेवारी ते डिसेंबर अशा पूर्ण वर्षाचा असतो आणि बराच उशिरा येतो. 2022 चा अहवाल डिसेंबर 2023 मध्ये आला, 2023 चा थेट सप्टेंबर 2025 मध्ये. म्हणून ‘एनसीआरबीचा यंदाचा आकडा’ असं लिहिलं असेल तर तिथेच थांबा. चालू वर्षाचा आकडा एनसीआरबीकडे प्रसिद्ध झालेलाच नसतो.

दुसरं, हद्द. ‘ठाणे-नवी मुंबई’ असं एकत्र काहीही पोलिसांच्या नोंदीत नाही, आणि आपल्या भागात ही भानगड फार मोठी आहे. खारघर महसुलाच्या दृष्टीनं रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात. महापालिका पनवेलची. पण पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाचे. त्यामुळे ‘ठाणे जिल्ह्या’च्या आकड्यात तुम्ही नाही, आणि रायगड पोलिसांच्या आकड्यातही नाही. ठाण्याच्या बाजूला ठाणे शहर आयुक्तालय वेगळं आणि ठाणे ग्रामीण वेगळं. 1 ऑक्टोबर 2020 ला मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय सुरू झालं तेव्हा मीरा-भाईंदरची पोलीस ठाणी ठाणे ग्रामीणमधून तिकडे गेली. साहजिकच 2019 आणि 2021 ची तुलना केली तर ठाणे ग्रामीणचे गुन्हे घटलेले दिसतात. गुन्हेगारी घटली असं मात्र त्यावरून म्हणता येत नाही, हद्दच लहान झाली होती. त्याआधी 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा वेगळा झाला. वाशी किंवा ठाणे स्टेशनवर, लोकलमध्ये मोबाइल गेला तर तो गुन्हा मुंबई लोहमार्ग पोलिसांच्या खात्यात जातो, नवी मुंबईच्या किंवा ठाण्याच्या नाही.

एनसीआरबीच्या अहवालात महानगरांचा वेगळा भाग आहे. 2011 च्या जनगणनेत 20 लाखांवर लोकसंख्या असलेली 19 शहरं त्यात येतात. त्या यादीत ठाणेही नाही आणि नवी मुंबईही नाही. तेव्हा ‘एनसीआरबीच्या महानगरांच्या यादीत ठाणे अमुक क्रमांकावर’ असा मेसेज आला तर तो तिथेच निकालात काढा.

आता ‘कशाचा’ हा प्रश्न. तुमच्या मेसेजचं मूळ इथे आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. 18 वर्षांखालचं मूल बेपत्ता असल्याची तक्रार आली की पोलिसांनी अपहरण गृहीत धरून गुन्हा दाखल करावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा मे 2013 चा आदेश आहे. बचपन बचाओ आंदोलन या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या याचिकेवर तो निघाला. चांगलाच आदेश आहे, कारण त्याआधी ‘येईल परत, वाट बघा’ असं सांगून आईबापांना परत पाठवलं जायचं. पण आकड्यांवर त्याचा परिणाम काय झाला ते बघा. अभ्यासावरून बोलणी बसली म्हणून कल्याणच्या मामाकडे निघून गेलेला सातवीतला मुलगा, प्रेमप्रकरणातून घर सोडलेली साडेसतरा वर्षांची मुलगी, घटस्फोटाच्या भांडणात बापानं परस्पर नेलेलं मूल, या सगळ्यांसाठी कागद एकच : अज्ञात किंवा ज्ञात व्यक्तीवर अपहरणाचा गुन्हा. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम 363, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 137(2). मुलगा दुसऱ्या दिवशी घरी आला तरी त्या वर्षीच्या ‘दाखल’ रकान्यातला एक काही कमी होत नाही. पुढे न्यायालयात समरी, म्हणजे तपास संपवण्याचा अहवाल, पाठवून तपास बंद होतो, पण मेसेजवाले तो तक्ता उघडत नाहीत.

‘टोळी’ म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर खंडणी येते. 2022 मध्ये देशभरात अपहरणाचे 1,07,588 गुन्हे दाखल झाले. त्यांत खंडणीसाठीचे एक टक्काही नव्हते. अपहरण कशासाठी झालं याचा स्वतंत्र तक्ता अहवालातच आहे. काकांना तोच तक्ता उघडून दाखवा.

यात आणखी एक गल्लत होते ती ‘मिसिंग’ची. प्रौढ माणूस हरवला तर एफआयआर होत नाही, पोलीस ठाण्याच्या मिसिंग रजिस्टरला नोंद होते. ‘राज्यातून इतक्या हजार मुली गायब’ या मेसेजमध्ये बहुतेक वेळा हीच नोंद असते. त्यात चाळिशीच्या, पन्नाशीच्या स्त्रियाही असतात. एनसीआरबीच्या बेपत्ता व्यक्तींच्या तक्त्यात मागच्या वर्षांतल्या न सापडलेल्यांची बाकी पुढे ओढलेली असते आणि शेजारीच ‘सापडलेले’ असा रकाना असतो. मेसेजमध्ये बाकीसकट बेरीज येते, सापडलेल्यांचा रकाना गळतो. न सापडलेल्यांचा आकडा उरतोच आणि तो काळजीचा आहे, त्यावर पोलिसांना जाब विचारायलाच हवा. पण खारघरच्या गेटवर भंगारवालीला अडवून त्यातली एकही मुलगी सापडणार नाही.

एकूण गुन्ह्यांची बेरीज बघतानाही आत काय आहे ते पाहावं लागतं. 2020 मध्ये, लॉकडाऊनच्या वर्षात, देशातले एकूण दाखल गुन्हे 28 टक्क्यांनी वाढून 66,01,285 झाले. माणसं घरात आणि गुन्हे वाढले? त्या वर्षी सरकारी आदेश मोडल्याचे, म्हणजे कलम 188 चे गुन्हे 29,469 वरून 6,12,179 वर गेले. घराबाहेर फिरणारे, दुकान उघडं ठेवणारे सगळे त्यात आले. चोऱ्या-घरफोड्या मात्र त्या वर्षी कमी झाल्या होत्या. म्हणूनच 2020 शी तुलना करून ‘चोऱ्या वाढल्या’ म्हणणारा मेसेज आला की सावध व्हा, 2019 चा आकडा शेजारी ठेवायला सांगा. तसंच 2024 चं. ते वर्ष अर्धं जुन्या कायद्यात गेलं, अर्धं नव्या. ‘302 चे (खुनाचे) गुन्हे निम्म्यावर आले’ असं कुणी लिहिलं तर उरलेले निम्मे नव्या कायद्याच्या कलम 103 मध्ये शोधावे लागतात.

चौथं, किती लोकांमागे. गुन्ह्यांचा दर म्हणजे एक लाख लोकसंख्येमागे दाखल गुन्हे. स्त्रियांवरच्या गुन्ह्यांचा दर एक लाख स्त्रियांमागे काढतात, मुलांवरच्या गुन्ह्यांचा मुलांच्या लोकसंख्येमागे. भागाकारात खालची संख्या चुकली की सगळंच चुकतं, आणि ठाण्याच्या बाबतीत ती हमखास चुकते. इंटरनेटवर ‘ठाण्याची लोकसंख्या’ शोधली की 18.4 लाख येते. ती 2011 ची, फक्त ठाणे महापालिकेची. पण ठाणे शहर आयुक्तालयात कल्याण-डोंबिवली (12.5 लाख), भिवंडी (7.1 लाख), उल्हासनगर (5.1 लाख), अंबरनाथ (2.5 लाख) आणि बदलापूर (1.7 लाख) हेही येतात. आजूबाजूची गावं सोडली तरी ही बेरीज 47 लाखांवर जाते. सगळ्या आयुक्तालयाचे गुन्हे घेऊन 18.4 लाखांनी भागले की दर अडीचपट फुगतो. कुणी खोटं बोललेलं नसतं, दोन्ही आकडे सरकारी असतात.

नवी मुंबईतही तेच. महापालिकेची लोकसंख्या 11.2 लाख दाखवतात, पण पोलिसांच्या आकड्यात पनवेल, खारघर, कामोठे, कळंबोली, उरण सगळं आहे. उलट बाजूनं मुंबई. एनसीआरबीच्या महानगरांच्या तक्त्यात मुंबईची लोकसंख्या 184.1 लाख धरलेली दिसते. ती बृहन्मुंबईची नाही. बृहन्मुंबई 2011 मध्ये 124 लाखांची होती. 184 लाखांत ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली असा सगळा जोडलेला पट्टा मोजलेला आहे. ‘मुंबई दिल्लीपेक्षा कितीतरी सुरक्षित’ असा मेसेज अभिमानानं फिरतो तेव्हा वरचे गुन्हे नेमके कुठल्या पोलिसांचे आणि खालची लोकसंख्या कुठली, हे तपासल्याशिवाय त्यावर विसंबू नये. शिवाय हे सगळं 2011 वर उभं आहे. 2021 ची जनगणना झालीच नाही, आणि खारघर-तळोजा तेव्हापासून कुठल्या कुठे वाढलंय.

200 टक्क्यांचं थोडक्यात : 2 चे 6 झाले तरी 200 टक्के वाढ, 200 चे 600 झाले तरी तेवढीच. टक्केवारीसोबत मूळ दोन आकडे नसतील तर ती वाचूच नका. एकेका पोलीस ठाण्याच्या पातळीवर आकडे इतके लहान असतात की दोन भावंडं एकत्र घरातून निघून गेली तरी तक्ता हलतो.

प्रत्यक्ष तपासायला बसाल तेव्हा मोबाइलऐवजी कॉम्प्युटर घ्या, तक्ते मोठे असतात. एनसीआरबीच्या वेबसाइटवर ‘क्राइम इन इंडिया’ आणि वर्ष निवडा. प्रकरण 3 स्त्रियांवरचे गुन्हे, 4 मुलांवरचे, 9 सायबर. क्रमांकापुढे ‘ए’ असेल तर राज्यांचा तक्ता, ‘बी’ असेल तर महानगरांचा. आपल्याला लागणारे आकडे पोलीस घटकानुसार दिलेल्या जोडतक्त्यांत मिळतात, तिथे महाराष्ट्राखाली ठाणे शहर, ठाणे ग्रामीण, नवी मुंबई असं वेगवेगळं शोधायचं. पुण्याच्या राज्य सीआयडीचा ‘क्राइम इन महाराष्ट्र’ हा अहवालही याच पद्धतीचा आहे आणि आपल्यासाठी जास्त सोयीचा. तक्त्याखालच्या बारीक अक्षरांतल्या टिपा सोडू नका. एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली तरी एनसीआरबी तो गुन्हा सगळ्यात गंभीर कलमाखाली एकदाच मोजते. बलात्कार करून खून झाला असेल तर तो खुनात जातो, हे तिथेच लिहिलेलं असतं. नोंद वाढणं आणि गुन्हेगारी वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा इशाराही एनसीआरबी स्वतःच देते. आणि आरोपींची धर्मवार यादी गुन्ह्यांच्या या तक्त्यांत नसते. ‘एनसीआरबीनुसार अमुक धर्माचे इतके बलात्कारी’ असा मेसेज आला तर पुढचं काही तपासायची गरज नाही.

‘काल सेक्टर 20 मधून मूल पळवलं’ अशी ताजी बातमी आली तर अहवाल उपयोगाचे नाहीत. त्यासाठी महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर प्रसिद्ध केलेले एफआयआर बघता येतात. जिल्ह्याच्या जागी ‘नवी मुंबई’ निवडा, ‘रायगड’ नाही, मग पोलीस ठाणं आणि तारीख. मात्र लैंगिक गुन्हे, पोक्सोची (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरोधातला कायदा) प्रकरणं आणि संवेदनशील मानलेले एफआयआर तिथे टाकत नाहीत. म्हणून तिथे काही दिसलं नाही एवढ्यावरून ‘काही घडलंच नाही’ असं ग्रुपवर लिहू नका. सरळ पोलीस ठाण्याला फोन करून विचारा. खरी घटना निघाली तरी पीडित मुलाचं नाव, फोटो, शाळा, इमारत यांतलं काहीही ग्रुपवर जाता कामा नये. प्रकरण लैंगिक गुन्ह्याचं असेल तर पोक्सोच्या कलम 23 नुसार आणि न्याय संहितेच्या कलम 72 नुसार तो गुन्हा आहे.

काकांशी आधी समोरासमोर बोला, ग्रुपवर नको. चारचौघांत चूक दाखवली की माणूस आकड्याची नाही, स्वतःची बाजू लढवायला लागतो. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला मागील बाकी आणि चालू वर्षाची नोंद यांतला फरक समजावावा लागणार नाही. त्यांच्यासमोर तक्ता उघडा आणि त्यांनाच वाचू द्या. जमलं तर दुरुस्तीचा मेसेज त्यांनीच टाकावा, त्यांचं ऐकतील. मेसेज छोटा ठेवा, मूळ चित्र पुन्हा जोडू नका. असा काहीसा :

‘गेल्या आठवड्यातला मुलं पळवण्याचा मेसेज तपासला. एनसीआरबीचा चालू वर्षाचा अहवाल आलेला नाही. 18 वर्षांखालचं मूल घरातून निघून गेलं तरी कायद्यानं अपहरणाचाच गुन्हा नोंदवतात, त्यामुळे तो आकडा टोळीचा नाही. मुलं संध्याकाळी नेहमीप्रमाणे खाली खेळतील, दोन पालक आळीपाळीनं थांबतील. संशय आला तर 112. कुणालाही अडवून झडती घ्यायची नाही, फोटो टाकायचे नाहीत.’

व्हिडिओ कराचीचाच निघाला तर तेही एका ओळीत घाला. नसेल तर त्याविषयी जेवढं सापडलं तेवढंच लिहा.

तुम्ही ॲडमिन असाल तर भीती बाळगू नका. दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन म्हणून जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये म्हटलंय. पण अफवा पसरवणाऱ्यावर न्याय संहितेच्या कलम 353 खाली कारवाई होऊ शकते, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ही माहिती धमकी म्हणून नको, माहिती म्हणूनच पालकांच्या कानावर घाला.

मुलांची काळजी खरी आहे, ती नुसतं ‘अफवा आहे’ म्हणून जाणार नाही. पोक्सो आणि बलात्काराच्या नोंदींत आरोपी ओळखीतला असण्याचं प्रमाण प्रचंड आहे. देशातल्या बलात्काराच्या गुन्ह्यांत ते 95 टक्क्यांच्या आसपास असतं. शेजारी, नातेवाईक, शिकवणीचे सर, व्हॅनवाले काका. पालकसभा घ्यायची असेल तर यावर घ्या, आणि 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर लिफ्टमध्ये मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावा.

तुमच्या पोलीस ठाण्याचे नेमके आकडे हवे असतील तर माहिती अधिकारात मागा. महाराष्ट्राच्या आरटीआय पोर्टलवरून किंवा 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या जन माहिती अधिकाऱ्यांच्या नावे. राज्याच्या नियमांनुसार अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा. ‘खारघरमध्ये गुन्हेगारी का वाढली?’ असा प्रश्न विचारला तर तो फेटाळला जातो, कारण ‘का’ याचं उत्तर म्हणजे माहिती नव्हे. असं लिहा : ‘खारघर पोलीस ठाणे, 2021, 2022 व 2023, प्रत्येकी 1 जानेवारी ते 31 डिसेंबर. कलम 363 खाली दाखल गुन्हे, त्यांतील उघड गुन्हे, परत मिळालेल्या 18 वर्षांखालील मुला-मुलींची संख्या, आणि खंडणीसाठी कलम 364-अ खाली दाखल गुन्हे. वर्षनिहाय तक्ता द्यावा.’ उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर 20 रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील त्याच आयुक्तालयातल्या अपिलीय अधिकाऱ्यांकडे करायचं.